लटारूच्या हातची काती

शुक्रवारी सकाळी सोमाजी आणि चैतू एकाच वाटेने चालत येताना दिसले, तेव्हा जाळं विणता विणता लटारूचा हात थांबला. ही दोन माणसं गेल्या नऊ वर्षांत एका सावलीत उभी राहिलेली कोणी पाहिली नव्हती. सोमाजी मोहटोलीचा, चैतू चिचबोडीचा. दोन्ही गावं मासेमारी करणाऱ्या ढिवरांची, कुरखेड्यापासून कोसभर आत. मधे जुना मालगुजारी तलाव, आणि त्याच्या सांडव्यापाशी, दोन्ही शिवांच्या मधोमध लटारूचं घर. मोहटोलीची फाटलेली जाळी त्याच्याकडे यायची, चिचबोडीचीही यायची. एकाचं जाळं दुसऱ्याच्या जाळ्याला लागू नये म्हणून तो ती वेगवेगळ्या खुंट्यांना टांगायचा.

"जाळं ठेवा जी बाजूले थोडसं," सोमाजी म्हणाला. "काम हाय."

लटारूची बायको साधना पाण्याचा गडवा घेऊन आली. सोमाजी प्याला, चैतूही त्याच गडव्याने प्याला. ते पाहून साधनाला बरं वाटायच्या ऐवजी कसंतरीच झालं.

भांडण तलावाचं होतं, हे लटारूला माहीत होतंच. दोन्ही गावांची मिळून एक मच्छीमार संस्था होती, ती फुटली. ठेका कोणाच्या नावावर यावर कचेरीत तारखा पडत राहिल्या आणि तेवढ्यात दोन्ही गावांनी आपापलं बीज तलावात सोडून दिलं. आता रोहू-कतला हातभर झाले होते आणि पाण्यातला मासा कोणत्या गावचा, हे सांगणार कोण? मागच्या आठवड्यात मोहटोलीचा डोंगा कोणीतरी फोडला. परवा चिचबोडीची तीन जाळी कापलेली सापडली.

"सोमवारी दोन्ही गावं जाळी घेऊन उतरणार होते," चैतू म्हणाला. "जाळ्यासंगं कुऱ्हाडी बी. म्हणून आमी दोघं बसलो. इतवारी, बुधूच्या कोंबडबाजारात, एक जोड लढवाची. ज्याचा कोंबडा उभा राहीन त्याच्या गावचा तलाव. पाच वर्षं. दुसऱ्यानं पाण्यात पाय नाई घालाचा. दोन्ही गावानं शब्द देल्ला हाय."

"अन् माह्याकडं काऊन आले?"

"काती तुमी बांधाची."

लटारूने मान खाली घातली. काती म्हणजे बोटभर लांब, विळ्यासारखं वाकलेलं पातं. झुंजीच्या कोंबड्याच्या पायाला ते दोऱ्याने बांधतात. कोंबडा कितीही तयारीचा असो, काती जशी बांधली तशी झुंज. एके काळी कुरखेड्यापासून नागभीडपर्यंत लटारूच्या हातची काती म्हटली की कोणी दुसऱ्यांदा दोरा तपासत नसे.

"म्या ते सोडलं जी. सहा वर्षं झाले. तुमाले माहीत हाय."

"माहीत हाय, म्हणूनच आलो," सोमाजी म्हणाला. "तुमी परभूचे झाले. दारू सोडली, खोटं बोलत नाई. आज या दोन गावात दोघायलेबी चालन असा माणूस एकच हाय."

"तुमी नाई म्हणाल तर बुधूचा माणूस बांधन," चैतूने जोडलं. "त्याच्यावर माह्या गावाचा भरोसा नाई, अन् यायच्या बी गावाचा नाई. मंग तिथंच कुऱ्हाडी निघतीन. इचार करा."

ते आले तसे एका वाटेने गेले आणि सांडव्यावरून दोन दिशांना फुटले.

दुपार कलली तसा बुधू आला. मोटरसायकल लांब उभी करून, पायी. कोंबडबाजार त्याचाच. पोलिसांच्या भीतीने जागा बदलायची, कधी येनाच्या झाडांच्या रानात, कधी नाल्याच्या पलीकडे, पण बाजार बुधूचाच. साधना गोवऱ्या आणायला मागे गेली होती. तेवढ्यात तो लटारूशेजारी उकिडवा बसला आणि जाळ्याचं एक टोक हातात घेऊन चाळवू लागला.

"गावायचा तलाव गावायपाशी राहो," तो म्हणाला. "पण लोकं कुठून कुठून येऊन राह्यले माहीत हाय? गडचिरोली, ब्रम्हपुरी, पार राजुऱ्याहून. सारे सोमाजीच्या झालावर, त्या तांबड्या कोंबड्यावर, लावून राह्यले. झाल पडला पायजे."

लटारूने जाळ्याचं टोक त्याच्या हातातून ओढून घेतलं.

"मागं बांधली होती तशीच बांधाची. चैतूच्या कोंबड्याले बांधली होती ना जी, तशी. या खेपेले सोमाजीच्या. म्हणजे तुमचा हिशोब बी बराबर होते, दोन्ही गावाले एकेक." बुधू हसला. "त्या वेळेस पाच देल्ले होते. आता पन्नास देतो."

"मी येत नाई."

"नका येऊ. माहा माणूस बांधन, अन् तो बी तशीच बांधन. लोकं ओळखतीन, मारामारी होईन, दोन-चार पडतीन. तुमी बांधली तर कोणी ओळखाचं नाई. मंग पुण्य कायच्यात हाय, तुमीच सांगा, तुमी शास्त्र वाचता." तो उठला, धोतराला लागलेली धूळ झटकली. "अन् तोंड उघडाचं मनात असन तर एक ध्यानात ठेवा. निकेशची बोटं तुमच्या दोऱ्यानं गेली, माह्या नाई."

ती गोष्ट अशी होती. नऊ वर्षांपूर्वी, संक्रांतीनंतरच्या बाजारात चैतूच्या कोंबड्याची काती लटारूने अशी बांधली होती की तीन-चार उड्यांनंतर दोरा सरकावा, पातं आत वळावं आणि कोंबड्याने स्वतःचीच मांडी चिरून घ्यावी. बुधूचे पाच हजार त्याने आदल्या दिवशीच घेतले होते. चैतूचा कोंबडा, ज्याला सहा झुंजींत कोणी हरवू शकलं नव्हतं, सोमाजीच्या नवशिक्या कोंबड्यासमोर आपल्याच रक्तात बसला. चैतूने पैजेवर बैलजोडी लावली होती. चिचबोडीचे लोक म्हणाले, हे कोंबड्याचं काम नाही, सोमाजीने काहीतरी केलं, जादू केली. शब्दाला शब्द लागला, लाकडं उचलली गेली, मग कुऱ्हाड. चैतूचा धाकटा भाऊ निकेश भावाला आवरायला मधे पडला आणि त्याच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. बावीस वर्षांचा होता. त्याने हातजाळं फेकलं की ते पाण्यावर ताटासारखं गोल पडायचं. लोक काठावर उभे राहून पाहायचे. आता तो फाट्यावर चहाची टपरी चालवत होता. कुऱ्हाड नेमकी कोणाची, हे शेवटपर्यंत ठरलं नाही. आणि सोमाजीला त्या दिवसापासून चिचबोडीत जादूवाला म्हणत. त्याच्या घरच्या लग्नाला त्या गावातून कोणी जात नसे, त्याच्या बायकोची सावली लहान लेकरांवर पडू देत नसत.

लटारूने ते पैसे दारूत घालवले. मग आणखी दारू. साधनाला क्षय झाला तेव्हा घरात तिला गोळ्या आणून द्यायला शुद्धीवर कोणी नव्हतं. कुरखेड्याचे नानाजी, निवृत्त कंपाउंडर, सायकलवरून यायचे. सहा महिने आले. धर्माचं एक अक्षर बोलले नाहीत. साधना उठून बसली त्या दिवशी लटारूनेच विचारलं, तुमी काऊन येता जी? तेव्हा नानाजींनी पहिल्यांदा येशूचं नाव घेतलं. तिथून पुढे लटारू बदलला, हे दोन्ही गावांनी पाहिलं. पण ही एक गोष्ट त्याने कोणालाच सांगितली नव्हती. देवाला सांगितली, तेवढं पुरे, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं.

शनिवारी सकाळी तो सायकल घेऊन कुरखेड्याला गेला. गावाच्या टोकाला टिनाच्या पत्र्याची एक खोली, तीच प्रार्थनेची जागा. नानाजी दुसऱ्या दिवसाच्या उपासनेसाठी झाडून काढत होते. भिंतीला एक वही टांगलेली असायची. रेडिओवर जिथे जिथे लढाई चालू असल्याची बातमी येई त्या देशांची नावं ते तिच्यात लिहीत आणि दर रविवारी एकेका देशाचं नाव घेऊन शांती मागत. आठ-दहा बाया आणि चार गडी, ज्यांनी चंद्रपूरच्या पलीकडे पाय टाकला नव्हता, ते डोळे मिटून त्या देशांसाठी आमेन म्हणत. बाहेरचे हसत. नानाजींना त्याचं काही नव्हतं.

लटारूने गावांचा ठराव सांगितला. "आता यात पाप काय हाय नानाजी? पैशासाठी नाई, भांडण मिटवासाठी करून राह्यले. दोन कोंबडे मरतीन, पण माणसं वाचतीन."

नानाजी झाडू टेकवून बाकावर बसले. "लटारू, तू दिवसभर जाळं विणतं, तुले मजुरी भेटते. तुले भेटली म्हणून जाळंवाल्याचं काही गेलं का? त्याले जाळं भेटलं. दोघंबी घरी हासत जाते. जुगारात असं होते का? एकाच्या घरी आलं ते दुसऱ्याच्या घरून उठूनच येते. हा तलाव बी तसाच जाईन. जिंकणारं गाव मासे खाईन अन् हारणारं काठावर बसून पाच वर्षं पाहीन. ही शांती होय का? हे भांडण पाच वर्षं झाकून ठेवणं होय."

"अन् मी नाई गेलो तर?"

"नको जाऊ. त्या जागेवर तुझं काही काम नाई."

लटारू उठला, दारापर्यंत गेला आणि तिथूनच, पाठमोरा, त्याने सगळं सांगून टाकलं. बुधूचे पाच हजार, दोरा, पातं, निकेशची बोटं. सांगून झाल्यावरही तो वळला नाही.

"सहा वर्षं तू माह्यासंगं बसून त्या वहीतल्या देशांसाठी मागत होता," नानाजी म्हणाले.

"हौ."

"मले सांगतलं, बरं केलं. देवाले सांगतलं, ते बी बरं केलं. पण लटारू, बोटं माही नाई गेली. अन् जादूवाला मले नाई म्हणत कोणी."

"मारतीन मले."

"मारू शकते," नानाजी म्हणाले. "मी तुले जा म्हणणार नाई. जाऊ नको असं बी आता म्हणता येत नाई."

घरी येऊन त्याने साधनाला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. ऐकता ऐकता तिचे हात सुपावर तसेच राहिले. मग ती उठून परसात गेली आणि बराच वेळ आली नाही. आली तेव्हा डोळे कोरडे होते.

"मी बिमार होतो तवा निकेशची माय माह्यासाठी पेज घेऊन येत जाय," ती म्हणाली. "रोज. आपल्या बोटं गेलेल्या लेकाले जेवू घालून, मंग माह्यासाठी पेज. तुमी दारात बसून पाहत होते."

"हौ."

"मले काऊन नाई सांगतलं?"

त्याने खाली पडलेले तांदळाचे दाणे वेचून सुपात टाकले. मग ती म्हणाली, "मी बी येतो उद्या."

"बाया नाई येत तिथी."

"मी येतो," ती म्हणाली, आणि पुन्हा सूप पुढे ओढलं.

रविवारी उन्हं डोक्यावर आली तेव्हा नाल्यापलीकडच्या रानात दोन-अडीचशे माणूस जमलं होतं. पळसाला फुलं आली होती. सुकलेल्या पानांवर पावलांचा इतका आवाज होत होता की बोलणाऱ्याला ओरडून बोलावं लागे. बांबूच्या ताट्यांनी केलेल्या गोलाच्या एका अंगाला मोहटोली, दुसऱ्या अंगाला चिचबोडी, आणि उरलेल्या जागेत बाहेरगावचे लोक, बोटांत नोटा दुमडून धरलेले. कुऱ्हाडी आणायच्या नाहीत असं ठरलं होतं. तरी झाडांच्या बुंध्यांशी टेकवलेले दांडे लटारूला येतानाच दिसले होते.

साधना त्याच्या मागे चार पावलांवर चालत होती. लोक तिच्याकडे पाहून बाजूला झाले. बाजारात बाई आलेली त्यांनी पाहिली नव्हती.

"आले लटारूभाऊ," बुधू म्हणाला आणि त्याचा चेहरा सैल झाला. "करा सुरू."

सोमाजीने आपला झाल आणला, तांबडा, मानेवर सोन्यासारखी पिसं. लटारूने तो धरला तेव्हा त्याचं काळीज हाताला धडधडत लागलं. बुधूने काती आणि दोरा पुढे केला. लटारूने दोन्ही घेतलं. सहा वर्षांनी बोटांना ते पातं लागलं आणि त्याला आपल्याच बोटांची भीती वाटली, कारण ती काही विसरली नव्हती. तो गोलाच्या मधोमध मातीत बसला आणि बांधू लागला. त्याने तीन वेढे घातले, गाठ मारली आणि झालाला चैतूपुढे धरलं.

"पाहा जी चैतूभाऊ. बराबर हाय का?"

चैतूने दोरा ओढून पाहिला, पातं बोटाने हलवून पाहिलं. "बराबर हाय."

"सोमाजीभाऊ, तुमी?"

सोमाजीनेही पाहिलं. "बराबर."

लटारूने कोंबड्याचा पाय हातात धरून जोरात ताणला आणि सोडला, उडी घेताना ताणला जातो तसा. एकदा, दोनदा, तीनदा. चौथ्यांदा दोरा सरकला. पातं हळूच फिरलं आणि त्याचं टोक कोंबड्याच्याच मांडीवर येऊन टेकलं. जवळ उभ्या असलेल्यांना ते स्पष्ट दिसलं. लटारूने पाय तसाच धरून ठेवला, दूरच्यांनाही दिसावं म्हणून.

"चैतूभाऊ, नऊ वर्षाआधी तुमच्या कोंबड्याले म्या अशीच बांधली होती. जाणूनबुजून. पैसे घेऊन. सोमाजीभाऊनं जादू नाई केली, त्यायले काही माहीतच नव्हतं. तुमचा कोंबडा म्या मारला. त्याच्यापायी जे झालं, ते सारं माह्यापासून झालं."

रान इतकं शांत झालं की झालाने पंख फडफडवले ते शेवटच्या माणसाला ऐकू गेलं.

"प्याला हाय हा," बुधू म्हणाला. "उठवा याले."

"कोणाचे पैसे?" सोमाजीने विचारलं. "लटारू, कोणाचे पैसे घेतले?"

"बुधूभाऊचे. पण हात माहे होते. आता बी तेच सांगाले आले होते, या खेपेले तुमच्या कोंबड्याले बांध म्हणून." त्याने काती सोडली, दोरा गुंडाळला आणि झाल सोमाजीच्या हातात दिला. मग तो उठला नाही. तिथेच बसून राहिला.

पहिला तडाखा कोणाचा, हे त्याला कळलं नाही. दांडा खांद्यावर बसला आणि आत काहीतरी मोडल्याचा आवाज त्याने स्वतः ऐकला. मग लाथा. चिचबोडीचे आले, मोहटोलीचेही आले. नऊ वर्षांत दोन्ही गावं पहिल्यांदा एका बाजूने झाली होती. त्याला साधनाचा आवाज आला, ती ओरडत नव्हती, फक्त "सरका, सरका" म्हणत वाट काढत होती. ती त्याच्यावर आडवी पडली तेव्हा दांडे जरा थबकले. आणि तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, "निकेशले येऊ द्या."

गर्दी फाटली. निकेश पुढे आला. तो झुंज पाहायला आला नव्हता, भावाने बोलावलं म्हणून आला होता आणि सगळ्यांच्या मागे एका येनाच्या झाडाला टेकून उभा होता. उजवा हात नेहमीप्रमाणे खिशात. साधना उठून बाजूला झाली. त्याच्यापुढे आडवं पडणं तिच्याच्याने झालं नाही.

"किती देल्ले होते?" निकेशने विचारलं.

"पाच हजार."

निकेश वाकला आणि डाव्या हाताने त्याच्या तोंडावर एक ठेवून दिली. पूर्ण ताकदीने. लटारूच्या तोंडातून रक्त आलं, एक दात जिभेवर आला. निकेश पुन्हा हात उगारून उभा राहिला. सगळ्यांना वाटलं, आता हा थांबत नाही. लटारूने तोंड वळवलं नाही. निकेशचा हात हवेत तसाच राहिला, मग खाली आला.

"माह्या बोटायचं मी पाहून घेईन," तो लोकांकडे वळून म्हणाला. "बाकी कोणाचं याच्याकडं काही नाई. कोणी हात लावाचा नाई."

"तलावाचं काय मंग?" कोणीतरी मागून ओरडलं. "माहा माणूस बांधते," असं बुधू म्हणत होता, बाहेरगावचे लोक नोटा परत मागत होते, पण त्याचं ऐकायला दोन्ही गावांपैकी कोणी राहिलं नव्हतं. सोमाजी झालाला छातीशी धरून खाली बसला होता. साठीचा माणूस, लेकरासारखा हुंदके देत होता. "नऊ वर्षं," तो म्हणत होता, "नऊ वर्षं मले जादूवाला म्हणले. माही बायको मेली तरी कोणी आलं नाई." हे तो कोणाला सांगत होता कोणास ठाऊक. चैतू त्याच्यापासून हातभर अंतरावर उभा होता आणि त्याला काय करावं ते सुचत नव्हतं.

गाडीवर घालून लटारूला कुरखेड्याच्या दवाखान्यात नेलं. गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. पोलिसाने येऊन विचारलं, कोणी मारलं? लटारू म्हणाला, नाव माहीत नाही. मग तो म्हणाला, पण नऊ वर्षांपूर्वीचं माझं एक आहे, ते लिहून घ्या. पोलिसाने दोन ओळी लिहिल्या आणि निघून गेला. त्यातून पुढे काही झालं नाही. बुधूचा बाजार महिनाभर बंद राहिला, मग दुसऱ्या रानात भरू लागला म्हणतात.

सोमवारी सकाळी दोन्ही गावं तलावावर उतरली. रात्रीच दवाखान्यातून घरी आणलेला लटारू खाटेवर पडून होता आणि साधना दारात उभी राहून जे दिसेल ते त्याला सांगत होती. मोहटोलीचे तलावाच्या या पारीवर, बांधावर आले. चिचबोडीचे त्या पारीवर. कुऱ्हाडी आहेत का? आहेत. सोमाजी पुढे आला. चैतूही पुढे येतोय. बोलत आहेत. तिचा एक हात चौकटीवर होता आणि बोटं पांढरी पडली होती. लटारूने डोळे मिटले. प्रार्थना करावी म्हटलं तर शब्द सुचेना. नुसतं 'परभू, परभू' एवढंच.

"चैतू खाली वाकला," साधना म्हणाली. "सोमाजीच्या पाया पडून राह्यला."

"अन् सोमाजी?"

"उभाच हाय." मग थोड्या वेळाने, "त्यानं हात धरून उठवलं. पण बोलून नाई राह्यला."

त्या दिवशी जाळी पडली नाहीत. मासेमारी आठ दिवसांनी झाली, आणि तीही कुरकुरत, शिव्या देत. ठरलं ते असं, की जो जाळ्याला हात लावील त्याला वाटा, गाव कोणतंही असो. पार खचली होती, तिच्यावर जो माती टाकील त्याला पुढच्या वर्षीही वाटा. मोहटोलीच्या चार घरांनी हे मानलं नाही, आजही मानत नाहीत. निकेशचा हात जाळ्याला लागू शकत नव्हता. त्याचा वाटा धरायचा का, यावर पुन्हा आवाज चढले, तेव्हा सोमाजी म्हणाला, दोन धरा. तसे दोन धरले.

लटारूकडे मात्र जाळी येणं बंद झालं. खुंट्या रिकाम्या राहिल्या. हाड सांधल्यावर, एप्रिलात, तो आणि साधना रोजगार हमीच्या कामावर तलावाच्याच पारीवर माती टाकायला जाऊ लागले. लोक त्याच्या ओळीत उभे राहत नसत. पाणी प्यायला तो शेवटी जाई. साधना कधी त्याच्याशी बोलायची, कधी दिवस दिवस नाही. रविवारी दोघं कुरखेड्याला जात. नानाजींनी एकदा त्याला प्रार्थना चालवायला सांगितलं, तो नको म्हणाला. नानाजींनी आग्रह केला नाही.

मे महिन्यात एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, निकेश पारीवर आला. सरळ त्याच्याजवळ येऊन बसला, पण त्याच्याकडे न पाहता, पाण्याकडे तोंड करून. साधना शिदोरी घेऊन दुसऱ्या झाडाखाली गेली.

"तुमचे नानाजी चहा प्याले आले होते टपरीवर," तो म्हणाला. "माह्याच रेडिओवर बातम्या ऐकून वहीत काही लिहून राह्यले होते. कुठच्या कुठच्या लढाया. इचारलं तर म्हणते, हे सारं एक दिवस थांबन, म्हणून मांगत असतो."

"हौ."

"तुमाले खरंच वाटते का, थांबन म्हणून?"

लटारूने विचार केला. घाईने हो म्हणायची त्याची हिंमत नव्हती. "थांबन," तो शेवटी म्हणाला. "देवानं तसं म्हणलं हाय. कवा ते मले माहीत नाई. माह्या डोयासमोर नाई बी थांबणार."

"माह्या मनात तुमच्यासाठी शांती नाई," निकेश म्हणाला. "सकाळी कपबशी धराले जातो अन् रोज आठवण येते. रोज."

"हौ."

"माफ केलं म्हणून नाई आलो मी."

"म्या मांगितली नाई. मांगाचं तोंड नाई माहं."

निकेशने एक खडा उचलून पाण्यात टाकला. उन्हाळ्याने पाणी मागे सरलं होतं. तो चिखलातच पडला. मग मुकादमाने हाक दिली. लटारू उठला, फावड्याने घमेलं भरलं आणि उचलायला वाकला. खांद्यात कळ आली तसं घमेलं गुडघ्याशीच अडलं. आजूबाजूचे पाहत होते. कोणी पुढे झालं नाही.

निकेश बसल्या जागेवरून त्याच्याकडे पाहत होता. मग तो उठला, डावा हात घमेल्याखाली घातला आणि उजव्या हाताच्या उरलेल्या अंगठ्याने काठ दाबून धरत ते त्याच्या डोक्यावर चढवून दिलं.

"पाहून चाला," तो म्हणाला. "त्या अंगाले पार भुसभुशीत हाय."

आणि तो फाट्याकडे निघून गेला.